चार दलेर आणि एक तुंबी

१९९८ साली दलेर मेहंदी यांच्या 'तुनक तुनक तुन'चा व्हिडिओ टीव्हीवर आला, तेव्हा त्यात नायिका नव्हती, मागे नाचणाऱ्या मुलींची रांग नव्हती, गोष्ट नव्हती, खराखुरा सेटही नव्हता. पडद्यावर होते फक्त दलेर मेहंदी, आणि तेही एक नव्हे, चार. पायघोळ अंगरखे, डोक्यावर पगड्या, मागे संगणकाने उभे केलेले डोंगर आणि आकाश, आणि चौघंही एकाच तालावर हात उंचावून नाचताहेत. आज पंचवीसहून जास्त वर्षं उलटली तरी हे गाणं लागलं की कडेला बसलेली माणसं उठून मध्ये येतात. माझं या गाण्यावर मनापासून प्रेम आहे, आणि ते केवळ नव्वदच्या दशकाच्या ओढीपोटी नाही. हा व्हिडिओ असाच का झाला, याला एक नेमकं कारण होतं. त्या कारणापर्यंत पोचायचं तर थोडं मागे जावं लागेल.

आपल्याकडे लोकप्रिय गाणं म्हणजे सिनेमाचं गाणं, हे समीकरण फार जुनं. ते मोडण्याचे प्रयत्न अधूनमधून झाले. १९८१ मध्ये नाझिया हसन यांचा 'डिस्को दिवाने' हा अल्बम आला, बिड्डूंच्या संगीतामुळे तो प्रचंड गाजला. पण अशी गाणी दाखवणार कुठे? दूरदर्शन एकच, आणि त्यावर पॉप गाण्याला मिळणारी जागा नाताळ-नववर्षाच्या कार्यक्रमांपुरती. चित्र बदललं ते १९९१ नंतर. स्टार टीव्हीचे चॅनल उपग्रहावरून दिसू लागले, केबलवाल्यांनी गच्चीवर छत्र्या बसवल्या, वायरी या इमारतीवरून त्या इमारतीवर गेल्या. त्या पहिल्या गठ्ठ्यातच एमटीव्ही होतं. १९९४ मध्ये एमटीव्ही आणि स्टार वेगळे झाले, तेव्हा स्टारने त्या जागी चॅनल व्ही सुरू केलं. १९९६ मध्ये एमटीव्ही स्वतंत्रपणे परत आलं.

आता या चॅनलांना दिवसरात्र गाणी हवी होती आणि कंपन्यांना कॅसेट खपवायच्या होत्या. गाण्याचा व्हिडिओ हीच कॅसेटची जाहिरात झाली. मॅग्नासाउंड या कंपनीला हे गणित सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत नीट उमगलं असं मला वाटतं. बाबा सेहगल यांचं 'ठंडा ठंडा पानी' १९९२ चं, अलिशा चिनॉय यांचं 'मेड इन इंडिया' १९९५ चं. दोन्ही मॅग्नासाउंडची. त्याच १९९५ मध्ये याच कंपनीने पाटण्यात जन्मलेल्या एका शीख गायकाचा पहिला अल्बम काढला.

दलेर मेहंदी यांच्या घरी गाणं होतंच. रागदारी आणि शबद, म्हणजे शिखांची भक्तिगीतं, ते लहानपणी आई-वडिलांकडे शिकले. अकराव्या वर्षी गाणं शिकायचं म्हणून घर सोडून ते गोरखपूरला उस्ताद राहत अली खाँ यांच्याकडे गेले. पुढे कित्येक वर्षं त्यांचा ओढा गझल आणि शास्त्रीय वळणाच्या गाण्याकडे होता. ही पार्श्वभूमी अनेकांना ठाऊक नसते. पॉप गायक म्हटला की गळ्याची तयारी कमीच असणार, असं आपण गृहीत धरतो. पण दलेर वरच्या पट्टीत आवाज फेकतात आणि तिथेच ठेवून खेळवतात, ते तालमीशिवाय जमणारं काम नाही. 'तुनक तुनक तुन' कधीतरी नाच बाजूला ठेवून, नुसतं डोळे मिटून ऐकून बघावं. सूर कुठेही घसरत नाही.

'बोलो ता रा रा' या त्यांच्या पहिल्या अल्बमने धुमाकूळ घातला. लाखो कॅसेट खपल्या, आणि त्याही अशा घरांत जिथे पंजाबीचा गंध नव्हता. महाराष्ट्रातल्या वरातींच्या बँडवाल्यांनी ते उचललं. अर्थात याची जमीन आधीच तयार होती. गुरदास मान यांनी १९८० च्या सुमारास दूरदर्शनवरून पंजाबी गाणं देशभर नेलं होतं. तिकडे ब्रिटनमध्ये, साउथॉल आणि बर्मिंगहॅमच्या पंजाबी वस्त्यांत, स्थलांतरितांच्या मुलांनी भांगड्याला सिंथेसायझर आणि ड्रम मशीनची जोड दिली होती. मलकीत सिंग यांची गाणी तिथूनच इकडे आली. सुगीचा नाच लग्नाच्या हॉलमध्ये आला, हॉलमधून क्लबात गेला, आणि केबलच्या वायरीने आपल्या बैठकीच्या खोलीत शिरला.

दलेर यांचे अल्बम मग ओळीने आले. १९९६ मध्ये 'दर्दी रब रब', १९९७ मध्ये 'हो जाएगी बल्ले बल्ले'. त्याच वर्षी 'मृत्युदाता' या सिनेमात ते अमिताभ बच्चन यांच्याबरोबर 'ना ना ना ना ना रे' गात नाचले. सिनेमा पडला, गाणं मात्र लोकांनी डोक्यावर घेतलं. एवढं यश मिळाल्यावर टीकाही आलीच. तिचा सूर असा होता की, दलेरची गाणी चालतात ती व्हिडिओत सुंदर मुली नाचतात म्हणून. मुली काढून टाका, मग बघू काय उरतं.

दलेर यांनी मुली काढून टाकल्या. पुढच्या व्हिडिओत फक्त आपणच दिसायचं, हे त्यांनी ठरवलं. 'तुनक तुनक तुन'च्या मागची मूळ गोष्ट ही आहे, आणि मला ती फार आवडते. टीकेला मुलाखतीतून उत्तर देता आलं असतं, रुसून बसता आलं असतं. त्यांनी उत्तर नाचून दिलं.

पण एकटा माणूस पाच मिनिटं पडदा कसा भरणार? इथे निळा पडदा कामाला आला. नाचणाऱ्याला एकसारख्या निळ्या रंगाच्या पडद्यासमोर उभं करायचं, चित्रीकरण करायचं, आणि नंतर यंत्राने निळा रंग तेवढा पुसून त्या जागी हवं ते चित्र बसवायचं. निळाच रंग का, तर माणसाच्या कातडीच्या रंगछटांपासून तो सगळ्यांत लांबचा, त्यामुळे चेहरा आणि हात शाबूत राहतात. टीव्हीवर हवामानाचा नकाशा दाखवणाऱ्यांच्या मागे हीच युक्ती असते. भारतात या तंत्राने केलेला हा पहिला व्हिडिओ, असं नेहमी सांगितलं जातं. ते पॉप गाण्यांपुरतंच धरावं, कारण १९८७-८८ च्या 'रामायण' मालिकेत हनुमानाचं उड्डाण आपण अशाच रंग पुसण्याच्या तंत्रातून पाहिलं होतं. तेव्हा या युक्तीने देवांना आकाशात नेलं होतं. दहा वर्षांनी तिने एका गायकाचे चार गायक केले.

चार कशासाठी, तर पृथ्वी, जल, वायू आणि अग्नी या तत्त्वांची ती चार रूपं, अशी कल्पना. करायला हे काम चिकाटीचं आहे. एकच माणूस वेगवेगळ्या पोशाखांत पुन्हा पुन्हा नाचणार. प्रत्येक वेळी ताल तोच, पावलं त्याच मात्रेवर, उभं राहण्याची जागा बोटभरही हलता कामा नये. मग ते थर एकमेकांवर रचायचे. शेजारी कोणीच नसताना, शेजारी तीन जण नाचताहेत असं समजून नाचायचं आणि वर हसायचं. ते हसू पाहा. त्यात कुठेही अवघडलेपण नाही. त्या काळच्या संगणकांना असलं काम जड जाई, म्हणून आज त्यातले डोंगर खोटे दिसतात आणि मधूनच मागे मॉस्कोचं सेंट बॅसिल चर्च का उगवतं याचा उलगडा होत नाही. मला त्याची मुळीच अडचण वाटत नाही. उलट पार्श्वभूमी खोटी असल्यामुळे नजर दुसरीकडे भरकटत नाही, ती माणसावरच राहते.

गाण्याच्या चालीतही असाच काटकसरीचा विचार आहे. 'तुनक तुनक' हा तुंबीचा बोल. तुंबी म्हणजे पंजाबी लोकसंगीतातलं एकतारी वाद्य, एका हातात मावणारं, वर चामडं ताणलेलं आणि तर्जनीने छेडायचं. लालचंद यमला जट्ट यांनी ते घराघरांत पोचवलं. एकच तार असल्याने सुरांचा पसारा छोटा, त्यामुळे वाजवणारा तीच लहानशी सुरावट फिरवून फिरवून वाजवतो. आवाज मात्र इतका टोकदार, की ढोल कितीही दणकत असला तरी तुंबी वेगळी ऐकू येते. नाचाच्या गाण्याला याहून जास्त काय हवं? चटकन कानात बसणारी, पुन्हा पुन्हा येणारी आणि गोंगाटाला न दबणारी सुरावट. दलेर यांनी ती वाद्यावर न सोडता तोंडी घेतली, म्हणजे ऐकणाऱ्यालाही गाता आली. अर्थ कळण्याची अट राहिलीच नाही. पाच वर्षांचं मूलही पहिल्या फेरीत गाणं उचलतं. पावलांचंही तसंच. हात वर, मनगटाला झोल, खांद्याला उसळी, इतकंच. ज्याला नाचता येत नाही त्यालाही हे येतं, आणि समारंभात अशांचीच संख्या जास्त असते.

पंजाबी न कळणाऱ्या घरांपासून सुरू झालेला हा प्रवास मग समुद्रापार गेला. २००० च्या आसपास, यूट्यूब जन्मायच्या पाच वर्षं आधी, हा व्हिडिओ लहानशा, धूसर फायलीच्या रूपात परदेशातल्या संगणकांवर फिरू लागला. कोणी कोणाला ईमेलने पाठवला, कोणी कार्यालयात जमवून दाखवला. सुरुवातीला पाहणाऱ्यांत चेष्टेचा भाग होता, हे नाकारायचं कारण नाही. पण चेष्टा म्हणून उघडलेली फाइल लोक परत परत लावत राहिले, पावलं शिकले. २००७ च्या जानेवारीत 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या व्हिडिओ गेमचा नवा भाग आला, त्यात ड्रेनाय नावाची खूर आणि शेपटी असलेली एक जमात होती. त्या जमातीतल्या पुरुष पात्राला नाचायची आज्ञा दिली की ते 'तुनक तुनक तुन'ची पावलं टाकतं. जगभरच्या लाखो खेळाडूंनी भांगड्याचा हा तुकडा पाहिला, त्यातल्या कितीतरी जणांनी मूळ गाणं त्यानंतर शोधून काढलं.

तुंबीचंही पुढे भलं झालं. पंजाबी एमसी यांचं 'मुंडियां तो बच के' हेही मूळ १९९८ चंच, पण युरोपात ते उसळलं २००२ च्या अखेरीला, आणि जानेवारी २००३ मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या पाचांत गेलं. त्याची ओळखही ती तुंबीचीच सुरावट.

ज्या इंडिपॉपने, म्हणजे सिनेमाबाहेरच्या भारतीय पॉप संगीताने, हे गाणं घडवलं, ती लाट मात्र तोवर ओसरत आली होती. एमपीथ्रीमुळे कॅसेटचा धंदा बसला, संगीत चॅनल सिनेमाच्या गाण्यांकडे वळले, रिमिक्सचा सुकाळ झाला, आणि मॅग्नासाउंडही मिटली. स्वतंत्र पॉप गायकांतले बरेच जण सिनेमासाठी गाऊ लागले. दलेरही गायले, आणि जोरकस गायले. तरी समारंभात गाणी लावणाऱ्याला गर्दी उठवायची असेल, तर आजही तो त्यांच्या सिनेमाच्या गाण्यांआधी 'तुनक तुनक तुन'कडेच वळतो. हे गाणं कोणत्याही सिनेमाचं नाही, कुठल्या नायकावर चित्रित झालेलं नाही. त्यामुळे ते कोणत्याच कथानकाबरोबर जुनंही झालं नाही.