केस बारीवर काय सांगायचं? परमा आणि क्लॅमिडियाचे सरकारी उपचार

सरकारी दवाखान्याची केस बारी, म्हणजे केस पेपर काढायची खिडकी. आतून मोठ्याने प्रश्न येतो, "शुं तकलीफ छे?" (काय त्रास आहे?) मागे चार माणसं उभी, त्यातलं एखादं बडोद्याच्या दांडिया बाजारातलं ओळखीचं निघायचं. परमा किंवा क्लॅमिडिया, म्हणजे शारीरिक संबंधातून लागणारे आजार, असलेले कित्येकजण इथूनच माघारी फिरतात. उत्तर एवढंच द्या: "चामडी विभाग." केस पेपर निघतो. बाकीचं आत गेल्यावर डॉक्टरांना सांगायचं.

बडोद्यात या उपचारांसाठी सयाजी हॉस्पिटल आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयांत नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) योजनेतली 'सुरक्षा क्लिनिक' असतात. तपासणी, समुपदेशन आणि औषधं मोफत.

पात्रता? त्रास किंवा शंका असलेला कोणीही. लग्न झालंय का, बडोद्यातले की पादऱ्याहून आलात, याने फरक पडत नाही. लघवीला जळजळ, पू येणं, अंगावरून वेगळंच पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं ही लक्षणं. क्लॅमिडिया मात्र बहुतेक बायकांना जाणवतच नाही आणि गर्भनलिका खराब करून ठेवतो. म्हणून नवऱ्याला त्रास असेल तर बायकोनेही जायचं, तिला काही होत नसलं तरी.

कागदपत्रं फारशी नाहीत. जुनी चिठ्ठी असल्यास ती, आणि मेडिकलवाल्याकडून आधीच घेतलेल्या गोळ्यांचं पाकीट. ते लाजून घरी ठेवू नका. अर्धवट घेतलेल्या गोळ्यांनीच उपचार अवघड होतात. पेनिसिलिनची ॲलर्जी किंवा गरोदरपण असेल तर आधी सांगा, औषधं बदलतात.

रिपोर्टची वाट न पाहता लक्षणांवरून रंगीत किट, म्हणजे औषधांचं पाकीट, मिळतं. पू येत असेल तर करडं, त्यात अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम. सोबत गरमीसाठी (सिफिलिस) रक्ततपासणी होते. एचआयव्हीची तपासणीही सुचवतात, पण २०१७ च्या कायद्यानुसार ती तुमच्या संमतीनेच. रिपोर्ट गुप्त राहतो.

खरी अडचण जोडीदाराची. त्याने किंवा तिने औषध घेतलं नाही तर आठवड्यात पुन्हा तेच, आणि मग "सरकारी औषध लागू पडत नाही" म्हणायला आपण मोकळे. समुपदेशक त्यासाठी वेगळी चिठ्ठी देतात, त्यावर आजाराचं नाव मोठ्या अक्षरांत नसतं. दोघांचं औषध झाल्यावर सात दिवस संबंध टाळा. त्रास राहिलाच तर तोच केस पेपर घेऊन परत जा. जाण्याआधी नुसतं विचारायचं असेल तर १०९७ हा क्रमांक मोफत आहे, नाव सांगावं लागत नाही.