शंका आणि बुद्धिभेद

मराठीतला ‘शंका’ हा शब्द फार उदार आहे. अभ्यासकाला पडलेला प्रश्न त्यात मावतो आणि काम लांबवणाऱ्याची सबबही. त्या दुसऱ्या प्रकारासाठी आपल्याकडे ‘बुद्धिभेद’ हा नेमका शब्द आहे, पण हवामान बदलाच्या वादात तो वापरायचं कुणाला सुचत नाही. मग दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजल्या जातात.

आधी खरी शंका बघू. १९९० च्या दशकात नासातल्या रॉय स्पेन्सर आणि अलाबामा विद्यापीठातल्या जॉन ख्रिस्टी यांच्या उपग्रह नोंदींत एक विचित्र गोष्ट होती. जमिनीवरचे तापमापक पारा चढताना दाखवत होते, पण खालच्या वातावरणात वाढ जवळजवळ दिसतच नव्हती. हा आक्षेप वजनदार होता आणि त्याला उत्तर देणं भागच होतं. इतर शास्त्रज्ञ त्यामागे लागले. १९९८ मध्ये लक्षात आलं, की उपग्रहांची कक्षा हळूहळू खाली येत होती आणि त्याचा हिशेब धरलेला नव्हता. २००५ मध्ये आणखी एक चूक सापडली. उपग्रहाची एखाद्या जागेवरून जाण्याची वेळ वर्षागणिक सरकते. त्यासाठी केलेल्या दुरुस्तीत अधिक-उण्याचं चिन्हच उलटं पडलं होतं! चिन्ह सुलट केलं आणि तापमानवाढीचा आकडा वर सरकला. दोघांनी ही दुरुस्ती आपल्या नोंदींत करून घेतली. तापमानवाढीच्या धोक्याबद्दल त्यांचं मत इतरांपेक्षा सौम्यच राहिलं, पण तो मतभेद आकड्यांवरचा होता.

शंका उलट दिशेनेही कामी येते. हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतात, असं आयपीसीसीच्या, म्हणजे हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीच्या, २००७ च्या अहवालात छापलं होतं. त्याला पुरेसा आधार नव्हता. हिमनद्यांच्या अभ्यासकांनी हरकत घेतली आणि २०१० च्या जानेवारीत आयपीसीसीला चूक कबूल करावी लागली.

आता बुद्धिभेद. त्याची तालीम तंबाखूवर झाली. सिगारेट आणि कर्करोगाचा संबंध पुढे येऊ लागल्यावर १९५४ मध्ये अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी चारशेहून अधिक वृत्तपत्रांत निवेदन छापलं. सूर मोठा जबाबदार होता: पुरावा निर्णायक नाही, आम्ही संशोधनाला मदत करू. तिथल्याच एका कंपनीच्या १९६९ च्या अंतर्गत टिपणात तर सरळ लिहिलेलं आहे, की ‘शंका हेच आमचं उत्पादन आहे’. इतका प्रामाणिकपणा जाहिरातीत कधी सापडत नाही.

तेल उद्योगाने तोच धडा गिरवला. एक्सॉनच्या वरिष्ठांना त्यांचेच शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी १९७७ मध्ये जीवाश्म इंधन आणि हवामानाचा संबंध समजावून सांगितला होता. पुढे या कंपनीने आपल्या एका तेलवाहू जहाजावर कार्बन डायऑक्साइड मोजायची उपकरणंही बसवली. म्हणजे शंका होती आणि तिची तपासणीही झाली. त्यांच्या शास्त्रज्ञांचे तेव्हाचे अंदाज नंतरच्या तापमानाशी बरेचसे जुळले, हे २०२३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातल्या अभ्यासाने दाखवलं. असं असूनही २००० साली याच कंपनीची जाहिरात वाचकांना सांगत होती, की हे विज्ञान अजून पक्कं झालेलं नाही. यालाच वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतात.

१९९८ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या तेल उद्योगाच्या संघटनेच्या पुढाकाराने एक आराखडा तयार झाला. सामान्य नागरिकाला हवामान विज्ञानातल्या अनिश्चितता ‘समजल्या’ की विजय मिळाला, असं त्यात म्हटलेलं होतं. वाद जिंकण्याची गरजच नव्हती, बरोबरीत सुटला तरी पुरे. टीव्हीवर एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक पाहुणा बसवला, की घरी बघणाऱ्याला सामना पन्नास-पन्नास वाटतो.

घोडं पेंड खातं ते ‘अनिश्चितता’ या शब्दापाशी. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल? अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या १९७९ च्या चार्नी अहवालाचं उत्तर होतं १.५ ते ४.५ अंश सेल्सिअस. २०२१ मध्ये आयपीसीसीने ही वाढ बहुधा २.५ ते ४ अंश असेल असं म्हटलं. अनिश्चितता आहे, पण ती ‘किती’ची आहे. शून्य अंश त्या पट्ट्यात कुठेच बसत नाही. बुद्धिभेद करणारा ‘किती’ची अनिश्चितता उचलतो आणि गुपचूप ‘आहे की नाही’च्या खात्यावर टाकतो. शिवाय अनिश्चितता दोन्ही बाजूंना असते. अंदाजापेक्षा जास्तही तापू शकतं. त्याबद्दल मात्र तो चकार शब्द काढत नाही.

मग पैसा कुणाचा, एवढं बघितलं की झालं? मला ही कसोटी अपुरी वाटते. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर यांना जुन्या तापमान नोंदींबद्दल गंभीर आक्षेप होते. त्यांनी ‘बर्कली अर्थ’ हा प्रकल्प उभा केला. त्याच्या देणगीदारांत तेल व्यवसायातल्या चार्ल्स कोक यांचं प्रतिष्ठान होतं. त्याने १,५०,००० डॉलर दिले होते. निष्कर्ष काय निघाला? २५० वर्षांत जमिनीचं तापमान सुमारे १.५ अंशांनी वाढलं आणि ते जवळजवळ सगळं माणसामुळे. २०१२ मध्ये म्युलर यांनी आपलं मत बदलल्याचं जाहीर लिहिलं. ‘विकला गेलेला’ हा शिक्का त्यांच्यावर आधीच मारणारे तोंडघशी पडले असते.

म्हणून मी शंका घेणाऱ्याला एकच विचारतो: काय दाखवलं तर तुमचं समाधान होईल? म्युलर यांच्याकडे याचं उत्तर होतं. याच प्रकल्पाचा निकाल काहीही आला तरी मान्य करीन, असं तापमानवाढ न मानणाऱ्या एका नावाजलेल्या टीकाकारानेही आधी जाहीर केलं होतं. निकाल आला तेव्हा त्याला पद्धतच चुकीची वाटू लागली.