म्युलर यांच्या बाटलीत राक्षस नव्हते

क्ष-किरणांनी जीव अचाट शक्तीचे होतात आणि अमेरिकी आनुवंशिकीतज्ज्ञ हर्मन म्युलर यांनी तेच सिद्ध केलं, ही समजूत कॉमिक्सवाल्यांनी घट्ट बसवली आहे. खरं म्हणजे त्यांना सापडलं ते उलटंच. १९२६ मध्ये टेक्सास विद्यापीठात त्यांनी नर फळमाश्यांवर क्ष-किरण सोडले. त्यांच्या लेकींपैकी पट्टीसारख्या अरुंद डोळ्यांच्या तेवढ्या निवडल्या, एकेका बाटलीत ठेवल्या आणि पुढची पिढी पाहिली. या लेकींच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक आधीच घातक होतं, दुसरं किरण लागलेल्या बापाचं; आणि नराला एकच एक्स मिळतं, तेही आईकडून. बाटलीत एकही नर नाही? म्हणजे आजोबाच्या एक्स गुणसूत्रात जीवघेणा बदल झालेला. भिंगाखाली एकेक माशी तपासायलाच नको, किती साधी युक्ती! उत्परिवर्तनं, म्हणजे जनुकांतले असे बदल, निसर्गात आधीपासून होतच होती. किरणांच्या मोठ्या मात्रेने त्यांचा वेग सुमारे दीडशेपट झाला, आणि त्यातली बहुतेक घातकच निघाली. विचित्र डोळ्या-पंखांच्या माश्या मिळाल्या, पण त्या थोड्या.

दुसरा गैरसमज, नोबेल लगेच मिळालं. छे! ते आलं १९४६ मध्ये, हिरोशिमानंतर. मधली काही वर्षं म्युलर सोव्हिएत रशियात होते; आनुवंशिकी नाकारणाऱ्या, स्टालिनच्या मर्जीतल्या कृषितज्ज्ञ लायसेन्कोशी वाजल्यावर १९३७ मध्ये तिथून निघाले. पुढे ते डॉक्टरांच्या मागेच लागले: रुग्णांवर क्ष-किरण जपून वापरा.