दोन पट्ट्यांत दडलेला सराउंड

जुन्या व्हिडिओ कॅसेटच्या किंवा डीव्हीडीच्या वेष्टनावर नुसते 'स्टिरिओ' छापलेले असले, तरी आत दोनच चॅनल आहेत असे गृहीत धरू नये. १९७० च्या दशकाच्या मध्यास डॉल्बी स्टिरिओ ही पद्धत चित्रपटांत आली आणि १९७७ सालच्या 'स्टार वॉर्स'च्या यशानंतर ती झपाट्याने पसरली. तिच्यात डावा, मधला, उजवा आणि मागचा, म्हणजेच सराउंड, असे चार चॅनल ३५ मिलिमीटर फिल्मच्या कडेच्या दोन प्रकाशीय पट्ट्यांत मिसळून बसवले जात. घरगुती आवृत्ती काढताना पुष्कळदा याच मिश्रणाचे दोन पट्टे कॅसेटवर आणि लेसरडिस्कवर उतरवले गेले, त्यामुळे मागच्या स्पीकरचा आवाजही त्यांच्याबरोबर घरात आला. तो उलगडणारी घरगुती उपकरणे १९८२ पासून मिळू लागली.

मिसळण्याची रीत अशी. मधल्या चॅनलचा आवाज, म्हणजे बहुतेक संवाद, ३ डेसिबलने कमी करून दोन्ही पट्ट्यांत सारखाच घालतात. मागच्या चॅनलचा आवाजही तितकाच कमी करून दोन्हींत घालतात. मात्र त्याची कला, जिला व्यवहारात आपण फेज म्हणतो, एका पट्ट्यात ९० अंश पुढे आणि दुसऱ्यात ९० अंश मागे नेतात. परिणामी एका पट्ट्यात लहर शिखरावर असते तेव्हा दुसऱ्यात ती तळाशी असते. पट्ट्यांची बेरीज केली की मागचा आवाज नाहीसा होतो आणि वजाबाकी केली की मधला. केवळ बेरीज-वजाबाकीवर उभी असलेली इतकी काटकसरी आणि देखणी रचना ध्वनितंत्रात क्वचितच आढळेल, असे मला वाटते. साध्या उलगड्यात शेजारच्या चॅनलमधले आवाज एकमेकांत झिरपतात, त्यांतला फरक जेमतेम ३ डेसिबल उरतो, ही तिची किंमत. १९८७ साली आलेल्या प्रो लॉजिक या डॉल्बीच्या सुधारित उलगडण्याच्या पद्धतीने, ज्या दिशेचा आवाज प्रबळ असेल तिला क्षणोक्षणी उठाव देऊन, ही उणीव बरीच भरून काढली.

दडलेला सराउंड ओळखण्याची पहिली चाचणीही वजाबाकीचीच आहे. ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये स्टिरिओ ध्वनी दोन स्वतंत्र पट्ट्यांत वेगळा करावा, एक पट्टा उलटा (इन्व्हर्ट) करावा, म्हणजे त्याच्या लहरीची शिखरे तळाशी न्यावीत, आणि दोन्ही एकत्र मिसळून ऐकावे. पूर्ण शांतता झाली तर तो ध्वनी मोनोच, म्हणजे दोन्ही पट्ट्यांत एकच, आहे. संवाद विरून गेले आणि पाऊस, गर्दीचा कल्लोळ किंवा डोक्यावरून जाणारे विमान स्पष्ट ऐकू आले, तर संशयाला जागा आहे. पण तेवढ्यावर निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. साध्या स्टिरिओ गाण्यातही गायकाचा आवाज असाच नाहीसा होतो आणि वाद्यांचा पसारा व प्रतिध्वनी मागे राहतात.

खरा फरक दोन पट्ट्यांच्या परस्परसंबंधात दिसतो. प्रतिध्वनीत दोन्ही पट्टे एकमेकांशी फारसे जुळत नाहीत, त्यामुळे सहसंबंधाचा आकडा, म्हणजे दोन पट्टे किती जुळतात हे उणे एक ते अधिक एक या मापात सांगणारी संख्या, शून्याच्या आसपास रेंगाळतो; मुद्दाम मागे पाठवलेल्या आवाजात मात्र ते एकमेकांच्या नेमके उलट असतात आणि आकडा उणे एककडे झुकतो. गोनिओमीटर या दृश्यमापकावर हेच रेषेच्या रूपाने दिसते: संवाद उभी रेष काढतात, मागचा आवाज आडवी. म्हणून समोरून येऊन प्रेक्षकांवरून मागे जाणाऱ्या विमानाचे दृश्य निवडावे. रेष उभ्याची आडवी होत गेली, तर तो योगायोग मानणे कठीण आहे. शिवाय या पद्धतीत मागचा चॅनल सुमारे ७ किलोहर्ट्झपर्यंतच मर्यादित असतो. पण वजाबाकीत डाव्या-उजव्या बाजूंचे आवाजही शिल्लक राहत असल्याने ही मर्यादा पुढचे आवाज शांत असतानाच तपासावी.

डीव्हीडीवरील दोन चॅनलच्या डॉल्बी डिजिटल ध्वनीत सराउंड असल्याची खूण नोंदवण्याची सोय आहे. तिच्यावर विसंबू नये, कारण ती भरणे हे आवृत्ती तयार करणाऱ्याच्या हातात असते. कॅसेटवरून संगणकावर उतरवलेल्या ध्वनीबाबत तर अधिक सावधगिरी हवी. जोडणीत एक पट्टा उलटा झाला असेल, तर संवाद बेरजेत नाहीसे होतात आणि वजाबाकीत खणखणीत ऐकू येतात, म्हणजे डिकोडर, अर्थात चॅनल उलगडणारे उपकरण, त्यांना मागे पाठवतो. फार कमी बिटरेटवर, म्हणजे दर सेकंदाला फार थोडी माहिती ठेवून, दोन्ही पट्टे जोडून संकोचन केले असेल, तर फेजमधली माहितीच हरवलेली असू शकते आणि मग ती कोणत्याही उपकरणाने परत मिळत नाही. कॅसेटच्या कडेच्या सरळ पट्ट्यांवरून ध्वनी उतरवताना हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, किंचित तिरके असेल, तर एक पट्टा दुसऱ्यापेक्षा अगदी थोडा मागे पडतो. खालच्या स्वरांना त्याने फरक पडत नाही, पण 'स', 'श' यांसारखे वरच्या वारंवारतेचे वर्ण रद्द न होता मागच्या स्पीकरमधून फुसफुसत राहतात. अशा वेळी एक पट्टा तितकाच सरकवून पुन्हा वजाबाकी केली, की ही फुसफुस बरीच कमी होते आणि तिच्याखाली दबलेला पाऊस ऐकू येऊ लागतो.