गळ्यातली हवा पाठीवर कशी आली

आमच्या आधीच्या पिढीतल्या कुणालाही ‘पोहायला कसे शिकलात?’ असं विचारलं की डब्याची गोष्ट निघतेच. झाळून बंद केलेला पत्र्याचा डबा दोरीनं पाठीला बांधायचा आणि विहिरीच्या कठड्यावरून मामा किंवा काकांनी ढकलून द्यायचं. डबा पाठीलाच बांधायचे, पोटाला कधीच नाही. पोटाला बांधला तर पोर उताणं होतं. पाठीवर असला की छाती पाण्यात राहते, अंग आडवं होतं आणि हातपाय मारायला मोकळे सुटतात. हे कुणी पुस्तकात वाचून केलेलं नव्हतं, पण हवा शरीराच्या कुठल्या बाजूला आहे त्यावर माणूस पाण्यात कसा राहणार ते ठरतं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

स्कूबा डायव्हिंगमध्ये, म्हणजे हवेची टाकी पाठीवर घेऊन पाण्याखाली उतरताना, हवा भरून-सोडून तरंगणं सांभाळणारं एक जॅकेट घालतात. त्यातलं पाठीवर हवा भरणारं, म्हणजे बॅक-इन्फ्लेट, स्वतःसाठी घ्यायचं ठरवलं, तेव्हा मला तो डबाच आठवला. पुण्यातून तारकर्ली-मालवणला जाऊन दोन-चार डाइव्ह केलेल्या मंडळींचा हल्ली हमखास प्रश्न असतो : साधं जॅकेट घ्यावं की पाठीवर हवा भरणारं? नुसत्या किमती आणि खिसे मोजून याचं उत्तर मिळत नाही. हवा पाठीवर का गेली ते आधी कळायला हवं.

झाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये अॅक्वालंग, म्हणजे टाकीतली हवा घेऊन पाण्याखाली श्वास घेण्याचं उपकरण, तयार केलं, तेव्हा तरंगणं-बुडणं सांभाळणारं असं वेगळं काही त्यात नव्हतंच. पाठीवर टाक्या आणि कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा, एवढाच सरंजाम. किती शिसं बांधायचं ते अंदाजानं ठरवायचं आणि पुढचं फुप्फुसांवर सोडायचं. उघड्या अंगानं उतरणाऱ्याचं तेवढ्यावर भागत होतं.

खरी अडचण झाली वेटसूटमुळे, म्हणजे पाण्यात ऊब देणाऱ्या अंगाबरोबरच्या रबरी पोशाखामुळे. ह्यू ब्रॅडनर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला निओप्रीनचा सूट पुढे आणला. निओप्रीनमध्ये वायूचे बारीक बुडबुडे असतात. ऊब त्यांच्यामुळेच मिळते आणि माणूस तरंगतोही त्यांच्यामुळेच. समुद्रात दर १० मीटरला सुमारे एका वातावरणाचा दाब वाढतो. त्यामुळे पृष्ठभागावर एक लिटर असलेली हवा १० मीटरवर अर्धा लिटर उरते, ३० मीटरवर पाव. सूटही तसाच चेपत जातो. वर असताना नेमकं बसलेलं वजन खाली गेल्यावर जड व्हायला लागतं आणि माणूस आणखी खाली खेचला जातो. ही तूट भरून काढायला कमी-जास्त करता येईल अशी हवा हवी होती.

फ्रान्समध्ये मोरिस फेंझी यांनी १९६१ मध्ये अशी बनियनवजा पिशवी आणली. गळ्यात घालायची, छातीवर रुळणारी, सोबत तिची स्वतःची छोटी हवेची बाटली. पुढे कित्येक वर्षं डायव्हर या प्रकाराला ‘फेंझी’च म्हणत, जसं आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो. गळ्याभोवतीच्या हवेचा एक मोठा गुण होता. पृष्ठभागावर माणूस बेशुद्ध झाला तरी तोंड आकाशाकडे राहायचं. म्हणजे मुळात ते लाइफ जॅकेटच होतं, आणि त्या कामाला त्याच्याइतकं चोख दुसरं काही नव्हतं.

पण डायव्हरचा बहुतेक वेळ पाण्याखाली जातो आणि तिथे हेच उलटं पडायचं. हवा छातीशी, शिसं कमरेला. वरचं टोक वर ओढलं जातं, खालचं खाली, आणि माणूस पाण्यात उभा राहतो. उभ्यानं पोहायचं म्हणजे अख्ख्या अंगानं पाणी ढकलायचं. दम लवकर लागतो, टाकी लवकर संपते आणि पाय तळ ढवळत जातात.

१९७०च्या दशकात दोन वाटा फुटल्या. एक स्कूबाप्रो या कंपनीच्या स्टॅब जॅकेटची. त्यात हवा खांद्यांवरून, कुशीतून, पाठीमागून अशी अंगाभोवती फिरते. आज मालवणला किंवा अंदमानातल्या हॅवलॉकला (आताचं स्वराज द्वीप) भाड्यानं मिळणारं जॅकेट बहुधा याच घराण्यातलं असतं. नवख्याला ते मानवतं. पृष्ठभागावर आल्यावर बगलेत धरून उभं केल्यासारखं वाटतं, धीर येतो. पण पूर्ण फुगवलं की बरगड्या आवळतात आणि पाण्याखाली हवा या कुशीतून त्या कुशीत घरंगळत राहते.

दुसरी वाट वॉटरगिल कंपनीच्या अॅट-पॅकची. पाठीला कडक कवच, त्यात शिशाचे छर्रे आणि मागे हवेची पिशवी. छाती पूर्ण मोकळी. कल्पना काळाच्या पुढची होती, पण तिची गरज ज्यांना खरोखर जाणवली ते लोक वेगळेच होते.

ते उत्तर फ्लोरिडातले गुहांमध्ये उतरणारे डायव्हर. तिथल्या गोड्या पाण्याच्या झऱ्यांमागे चुनखडीत लांबच लांब भुयारं आहेत आणि त्यांच्या तळाशी पिठासारखा बारीक गाळ. पायातला एक फिन, म्हणजे पोहायचा पंजा, चुकीचा लागला की गाळ उठतो आणि समोरचा हातही दिसेनासा होतो. डोक्यावर दगडाचं छत असल्यामुळे सरळ वर येण्याची सोयच नाही. इथे आडवं राहणं हा हौसेचा मामला नव्हता, परत येण्याचा होता. पाठीवर दोन-दोन टाक्या, त्यांचं वजन मागे. म्हणून उचलणारी हवाही तिथेच, टाक्यांना लागून हवी. १९७९ मध्ये ग्रेग फ्लॅनगन यांनी यासाठी धातूची पाठपट्टी, म्हणजे बॅकप्लेट, केली. पुढे विल्यम हॉगार्थ मेन यांनी ती मांडणी घासूनपुसून साधी करत नेली : एक प्लेट, तिच्यातून ओवलेला एकच अखंड पट्टा आणि मागे विंग, म्हणजे हवेची पिशवी. नको ते सगळं काढून टाकलेलं. मला या सगळ्या इतिहासात हा टप्पा सर्वांत आवडतो. एरवी नवं उपकरण म्हणजे जुन्यात भर घालत जाणं. इथे काढत काढत नेमकेपणा आला.

उघड्या समुद्रात हौसेनं उतरणाऱ्यांना या मांडणीतलं आडवं राहणं हवंहवंसं वाटलं, पण नुसती धातूची प्लेट आणि पट्टा नको होता. त्यांच्यासाठी कंपन्यांनी मधला मार्ग काढला. जॅकेटसारखी मऊ बांधणी, खिसे, शिसं ठेवायचे कप्पे, पण हवा फक्त पाठीमागे. आपण ज्याला बॅक-इन्फ्लेट बीसीडी (तरंगणं सांभाळणाऱ्या जॅकेटचं इंग्रजी लघुनाव) म्हणतो ते हे.

एवढं कळलं की त्याच्यावरची तक्रारही नीट समजते. पृष्ठभागावर ते तोंड पाण्यात ढकलतं, असं म्हणतात. मी पहिल्यांदा पुण्यातल्या एका जलतरण तलावात ते घालून बघितलं तेव्हा अगदी तसंच झालं. इन्फ्लेटरचं, म्हणजे जॅकेटमध्ये हवा भरायच्या नळीचं, बटण दाबून धरलं, पाठीमागे पिशवी टम्म फुगली आणि मी पुढे कलंडले. तोंडात रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा देणारं तोंडाचं यंत्र, होता म्हणून नाकातोंडात पाणी गेलं नाही. शिकवणारा काठावरून ओरडला, “ताई, हवा सोडा! अर्धी सोडा आणि मागे रेला, आरामखुर्चीत रेलतो तसं!” हवा सोडली, पाय पुढे घेतले, पाठ टेकली आणि खरंच खुर्ची मिळाली. पोहायच्या डब्याचा जो गुण, तोच या जॅकेटचा दोष. पाठीवरची हवा माणसाला पालथं करते, पाण्याखाली हेच हवं असतं, वर आल्यावर नको असतं. शिसं सगळं पोटाशी न ठेवता थोडं मागे, टाकीच्या पट्ट्यावर अडकवलं की हा त्रास बराच कमी होतो.

तलावातली गणितं समुद्रात जशीच्या तशी नेऊ नयेत. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. डायव्हर आणि सामान मिळून १०० किलो धरलं, तर तारकर्लीत साधारण अडीच किलो शिसं जास्त लागेल. शिवाय ११ लिटरच्या भरलेल्या अॅल्युमिनियम टाकीतली हवाच जवळपास अडीच किलोची असते. ती संपत आली की टाकी वर ओढायला लागते, म्हणून वजन ठरवायचं ते शेवटच्या पाच मिनिटांचा विचार करून.

त्यावरून विंगचा आकारही ठरतो. आपल्या कोमट समुद्रात ३ मिलिमीटरचा सूट आणि एक टाकी असताना १२ ते १५ किलो उचलणारी विंग सहसा पुरते. दोन टाक्यांसाठीची मोठी विंग एका टाकीवर लावली तर ती तिच्या दोन्ही बाजूंनी वर दुमडते, दुमडीत हवा अडकते आणि सोडायच्या वेळी सुटत नाही. मोठं ते सुरक्षित, हा हिशेब इथे लागू नाही. विमानानं अंदमानला जायचं असेल तर आणखी एक गोष्ट बघावी. स्टीलची प्लेट अडीच किलोच्या आसपास भरते, मऊ पाठीचं प्रवासी जॅकेट सगळं मिळून तेवढ्यातच बसू शकतं.

वापरलेलं घ्यायला हरकत नाही, पण पाण्यात उतरवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मी एक जुनं जॅकेट असंच, फोटो बघून घेतलं. कापड नव्यासारखं होतं. पिशवी कानाशी धरून हलवली तर आत बारीक वाळू सरकावी तसा आवाज. मिठाचे खडे. आणि इन्फ्लेटरचं बटण दाबलं की वर यायला क्षणभर वेळ घ्यायचं. एवढासा क्षण, पण बटण दाबलेलंच अडकलं तर विंग आपोआप फुगत जाते, वर येता येता आतली हवा आणखी पसरते आणि माणूस बुचासारखा वर फेकला जातो. त्या वेगात फुप्फुसांना इजा होऊ शकते. विकणाऱ्यानं त्यातलं काही सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. तो इन्फ्लेटर बदलूनच मी ते वापरायला काढलं.

तेव्हापासून मालवणहून परतलं की पहिलं काम हेच. एक तृतीयांश पिशवी गोड्या पाण्यानं भरायची, उलटीसुलटी करून खळबळून घ्यायची, खालच्या डंप व्हॉल्व्हमधून, म्हणजे हवा सोडायच्या झडपेतून, ते पाणी काढून टाकायचं, असं दोन-तीनदा. बटणं पाण्याखाली दाबून बघायची. मग सावलीत टांगायचं, उन्हात नाही. पावसाळ्यात मालवणचं डायव्हिंग बंद असतं आणि पुण्यातही कपाटातल्या चपलांना बुरशी येते. म्हणून मे महिन्याअखेर ते पूर्ण वाळवून, आतले थर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून थोडं फुगवून, खोलीतल्या खुंटीला लावून ठेवते. दर पंधरा दिवसांनी कानाशी धरून एकदा हलवून बघते.