सामायिक ताब्यातील अपत्याची पोटगी

विभक्त झालेल्या आई-वडिलांकडे मूल आळीपाळीने राहत असले, तरी त्याच्या पालनपोषणाची कायदेशीर जबाबदारी दोघांवरही असते. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम २० मध्ये तसे नमूद आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे पोटगीविषयीचे कलम १४४ (१ जुलै २०२४ पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५) सर्व धर्मीयांना लागू पडते. सामायिक ताब्यासाठी मात्र वेगळा कायदा नाही. विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात अशा ताब्याची कायद्यात तरतूद करण्याची शिफारस केली होती.

‘पंधरा दिवस मूल माझ्याकडेच असतं, मग पोटगी कशाला?’ हा युक्तिवाद टिकत नाही. जेवणखाण दिवसांप्रमाणे वाटले जाईलही. पण शाळेची फी, क्लास, दवाखाना, एसटीचा पास हे खर्च सुरूच राहतात. पद्मजा शर्मा खटल्यात (२०००) सर्वोच्च न्यायालयाने कमावत्या आई-वडिलांवर मिळकतीच्या प्रमाणात भार टाकला. ठरीव सूत्र नसल्याने मिळकत सिद्ध करणे हाच कळीचा मुद्दा ठरतो.

सातारा-सांगलीकडे खरी अडचण इथेच येते. नोकरदाराच्या पगाराची स्लिप मिळते. बागायतदाराचा पैसा हंगामाला येतो. सातबारा जमीन दाखवतो, उत्पन्न नाही, आणि अनेकदा तो आजोबांच्याच नावावर असतो. म्हणून कारखान्याचे ऊसबिल, तासगावच्या सौद्यातली बेदाण्याची पट्टी (विक्रीचा हिशेब), सांगलीच्या बाजारातली हळदीची पट्टी आणि बँकेचे खातेउतारे मागवून घ्यावेत. रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून (४ नोव्हेंबर २०२०) दोन्ही पक्षांना मालमत्ता व देण्यांचे शपथपत्र द्यावे लागते आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. तडजोड करतानाही नुसता मासिक आकडा न लिहिता जूनमधली फी कोण आणि कुठे भरणार, आजारपणाचा खर्च कसा वाटायचा, हे कलमवार लिहिलेलेच बरे. ऊसबिल रखडले तरी मुलाची शाळा थांबत नाही. आईने स्वतःची पोटगी सोडली म्हणून मुलाचा हक्क संपत नाही.

कलम १४४ खालील हुकमाची रक्कम थकल्यास वॉरंट निघते आणि दर महिन्याच्या थकबाकीपोटी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो. परिस्थिती बदलली तर रक्कम वाढवून वा कमी करून मागता येते. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तर ऑगस्ट २०२५ पासून या दोन्ही जिल्ह्यांसाठी कोल्हापूरचे सर्किट बेंच आहे.