वाळवंटात सौर पॅनेल नेमकं झिजतं कुठे?

राजस्थानातला भडला सौर प्रकल्प २,२४५ मेगावॉटचा. उन्हाळ्यात तिथं पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि पॅनेल ६५-७० अंशांपर्यंत तापतं. त्याची छापील क्षमता मात्र २५ अंशांना मोजलेली असते. त्यापुढच्या प्रत्येक अंशामागे वीज साधारण ०.३ ते ०.४५ टक्के घटते. पॅनेल थंड झालं की ही घट भरून निघते. झीज मात्र कायमची.

पॅनेलमध्ये वीज तयार करतात ते सिलिकॉनचे सेल. हे सिलिकॉन सहसा टिकतं, त्याच्या भोवतालचं सामान आधी हरतं. काचेखाली सेल ज्यात बसवतात ते ईव्हीए नावाचं पारदर्शक प्लास्टिक ऊन आणि अतिनील किरणांनी पिवळं, मग तपकिरी पडतं. शिवाय त्यातून ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, सुटतं आणि आतले धातूचे जोड खातं. १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या कॅरिझो मैदानात जादा प्रकाशासाठी पॅनेलशेजारी आरसे लावले होते. तिथं ईव्हीए काही वर्षांतच तपकिरी झालं.

दिवसा भट्टी, रात्री गारवा. सेल एकमेकांना जोडणारी तांब्याची पट्टी आणि सिलिकॉन सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे डाखाच्या जोडांवर रोज ताण येतो. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसे हे जोड थकून तडकतात.

धूळ पहाटेच्या दवात भिजते आणि काचेवर घट्ट बसते. पाण्याची टंचाई म्हणून भडल्यात कोरडे ब्रश फिरवणारे यंत्रमानव आहेत. पण ब्रशखाली वाळूचे कण घासले गेले, तर काचेवरचा परावर्तनरोधक लेप झिजू शकतो.

आयआयटी मुंबईच्या देशव्यापी पाहण्यांतही उष्ण भागांतली पॅनेलं थंड भागांपेक्षा वेगानं खालावलेली आढळली. म्हणूनच मला पॅनेलांच्या प्रमाणपत्राची चाचणी अपुरी वाटते. आयईसी ६१२१५ या आंतरराष्ट्रीय मानकात अतिनील किरणांची मात्रा असते चौरस मीटरला १५ किलोवॉट-तास. थरच्या वाळवंटात चौरस मीटरवर वर्षाला सुमारे २,००० किलोवॉट-तास ऊन पडतं, त्यातले पाचेक टक्के अतिनील. म्हणजे चाचणीचा मारा वाळवंटातल्या जेमतेम दोन महिन्यांचा, आणि हमी २५ वर्षांची!

आता मागेही प्लास्टिकऐवजी काच असलेली पॅनेलं वाढत आहेत. त्यांत मागचं प्लास्टिक तडकण्याचा प्रश्न मिटतो. पण दोन काचांमध्ये कोंडलेल्या आम्लाला बाहेर पडायला वाट नसते. त्यामुळे अशा पॅनेलांत अनेक उत्पादक ईव्हीएऐवजी आम्ल न सोडणारं पॉलिओलेफिन हे प्लास्टिक वापरतात.